विमानांच्या वाटा आणि जमिनीवरच्या खुणा

(नंदुरबार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात एखादं यंत्र दाखवलं की ते कसं चालतं एवढं सांगून थांबत नसत. ते बंद पडलं तर काय होईल, हेही मुलांकडून वदवून घेत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. आजचा विषय त्यांच्या या सवयीला धरूनच निवडला आहे. विमानांना वाट दाखवणारी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी जमिनीवरची जुनी यंत्रं जगभर एकेक करून सेवेतून काढली जात आहेत. ती का जात आहेत, त्यांची जागा कोण घेत आहे, आणि त्यांतलं काय कोणत्याही परिस्थितीत जाऊ देऊ नये, याविषयी मला बोलायचं आहे. माझी नोकरी अशाच यंत्रांच्या देखभालीत गेली, त्यामुळं हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

नंदुरबारला प्रवासी विमानसेवा नाही, मग हा विषय इथं कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण आपल्या डोक्यावरचं आकाश रिकामं नाही. ते मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात मोडतं. शेजारी धुळ्याला आणि शिरपूरला शिकाऊ वैमानिक उड्डाणाचे धडे गिरवतात. शिवाय हा विषय समजून घ्यायला आपला जिल्हा फार सोयीचा आहे, कारण सातपुड्यात राहणाऱ्या माणसाला रेडिओलहरी डोंगराशी कशा वागतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. तोरणमाळच्या घाटात फोनची रेंज जाते, धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर ती टेकडीच्या एका बाजूला येते आणि दुसऱ्या बाजूला येत नाही. विमानांची रडार आणि दिशादर्शक केंद्रं ज्या लहरींवर चालतात, त्याही साधारण सरळ रेषेतच जातात. मध्ये डोंगर आला की सावली पडते. डोंगर नसला तरी पृथ्वीची गोलाई आडवी येतेच.

मुंबई ते नंदुरबार हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. समुद्रसपाटीवरच्या रडारला ३५,००० फुटांवरून जाणारं विमान सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत दिसू शकतं. १०,००० फुटांवरचं विमान मात्र सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं क्षितिजाखाली जातं. म्हणजे नंदुरबारवरून उंच जाणारं विमान मुंबईच्या रडारला दिसेल, त्याच जागी खाली उतरलेलं विमान दिसणार नाही. म्हणूनच एका रडारवर भागत नाही. निरनिराळ्या ठिकाणची रडार जोडून आकाशाचं चित्र पूर्ण करावं लागतं, आणि त्यातलं एखादं काढलं की कोणत्या उंचीवर, कोणत्या खोऱ्यात अंधार पडेल, हे आधी मोजावं लागतं.

आता थोडं मागं जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणलं, तेव्हा वाट दाखवणारं कोणतंही रेडिओ केंद्र नव्हतं. नदी, किनारा, रेल्वेचे रूळ आणि होकायंत्र यांवर वैमानिक येत असत. पुढं एनडीबी नावाची बीकन आली. मध्यम लहरींवर ती सगळ्या दिशांना सारखा संदेश सोडते आणि विमानातली सुई तिच्याकडं वळते. रचना साधी, खर्च कमी. पण रात्री या लहरी वरच्या वातावरणातून परावर्तित होतात आणि सुई भरकटते. किनारा ओलांडताना त्यांची दिशा वाकते. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट अशी, की जवळ वीज कडाडत असली तर सुई बीकन सोडून त्या ढगाकडं वळू शकते. मोसमी पावसाच्या देशात हा दोष लहान नाही.

त्यानंतर व्हीओआर आलं. हे केंद्र अतिउच्च वारंवारतेवर दोन संकेत सोडतं आणि त्यांच्या कलेतल्या फरकावरून विमानाला आपण केंद्राच्या नेमक्या कोणत्या दिशेला आहोत हे कळतं. डॉप्लर पद्धतीच्या व्हीओआरमध्ये मधल्या अँटेनाभोवती बहुधा ४८ अँटेनांचं कडं असतं. सोबतचं डीएमई यंत्र अंतर सांगतं. प्रत्येक केंद्र मोर्समध्ये आपलं नाव सतत सांगत असतं. मुंबईचं बीबीबी, नागपूरचं एनएनपी, अहमदाबादचं एएई. वैमानिकानं ते ऐकून खात्री करायची आणि मगच सुईवर विश्वास ठेवायचा, हा शिरस्ता. अनेक दशकं देशातले हवाई मार्ग या केंद्रांना जोडणाऱ्या रेषांनीच आखलेले होते. अर्थात व्हीओआरलाही मर्यादा आहेत. त्याच्या दिशेत एका अंशाची चूक असेल, तर मुंबईपासून नंदुरबारइतक्या अंतरावर विमान वाटेपासून पाच किलोमीटर बाजूला असू शकतं.

साधनं अपुरी असली किंवा असूनही वापरली नाहीत तर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचं कॉमेट विमान मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ समजून शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाचीही तीच गफलत झाली आणि ते धावपट्टी संपवून पुढं गेलं. दोन्ही वेळा जीव वाचले. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री मात्र तसं झालं नाही. बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि आतले सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, असा वैमानिकाचा समज झाला होता आणि तो वेळेआधी खाली उतरू लागला. आपली जागा तपासून घेण्यासाठी जी साधनं हाताशी होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही, असं चौकशीत नोंदलं गेलं. यंत्र असणं आणि ते वापरण्याची शिस्त असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढं पुन्हा या मुद्द्याकडं यायचं आहे.

विमानाला स्वतःची जागा कळणं ही झाली एक बाजू. जमिनीवरच्या नियंत्रकाला ती कळणं ही दुसरी, आणि तिथं रडार येतं. प्राथमिक रडार स्वतः लहरी फेकतं आणि विमानावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपतं. विमानाच्या सहकार्याची त्याला गरज नसते. पण प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो. पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळा पट लागते. शिवाय पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. ते कोणतं विमान आहे आणि किती उंचीवर आहे, हे त्यातून कळत नाही. दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारतं, आणि विमानातला ट्रान्सपाँडर आपली ओळख व उंची उत्तरादाखल पाठवतो.

या फरकाची किंमत देशानं १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजली. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ खाली उतरत होतं. एकाला १४,००० फुटांची मर्यादा होती, दुसऱ्याला १५,००० फुटांची. कझाक विमान आपल्या मर्यादेखाली गेलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकासमोर फक्त प्राथमिक रडार होतं. दोन ठिपके जवळ येताना दिसले, तरी त्यांच्या उंचीतला फरक नाहीसा होतो आहे हे दाखवण्याची सोय त्यात नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर दुय्यम रडार आणि विमानांतली टक्करविरोधी यंत्रणा यांना गती आली. म्हणून जुन्याला कवटाळून बसा असं मी कधीच म्हणणार नाही. नवं यंत्र वेळेवर न आणणं हाही गंभीर अपराध ठरू शकतो.

उपग्रहांमुळं तर सगळं चित्रच पालटलं. जीपीएसमुळं विमानाला काही मीटरच्या अचूकतेनं आपली जागा कळते. डोंगर, अंतर, पृथ्वीची गोलाई यांचा अडसर जवळजवळ संपतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली गगन यंत्रणा जीपीएसच्या चुका दुरुस्त करून जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांमार्फत विमानांना पाठवते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे उतरवलं गेलं. जिथं विमानाला धावपट्टीवर उतरायला जमिनीवरून वाट दाखवणारी महागडी आयएलएस यंत्रणा बसवणं परवडत नाही अशा लहान धावपट्ट्यांना याचा मोठा उपयोग आहे, आणि उद्या आपल्या भागात विमानतळ झाला तर त्यालाही होईल. याच जोडीला एडीएस-बी आलं. विमान उपग्रहावरून मिळालेली आपली जागा स्वतःच सतत प्रसारित करतं आणि जमिनीवरचा एक लहानसा रिसीव्हर ती टिपतो. फिरता अँटेना नाही, मोठी वीज नाही, रडारच्या तुलनेत खर्च अगदी थोडा.

तेव्हा जुनी यंत्रं का निघत आहेत हे उघड आहे. त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. प्रत्येक केंद्राची ठरावीक काळानं तपासणी विमानानं जाऊन मोजणी करावी लागते. त्यांच्याभोवती मोकळी जमीन ठेवावी लागते, आणि शहरात जमीन म्हणजे सोनं. मुंबईत दहिसर आणि जुहूच्या केंद्रांमुळं आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आली आणि त्यांच्या स्थलांतराचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत राहिला. तिथल्या रहिवाशांची अडचण खरी आहे. आणि जुनं म्हणजे भरवशाचं, असंही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत नेवार्क विमानतळाची वाहतूक हाताळणाऱ्या नियंत्रकांचं रडार आणि संपर्क सुमारे दीड मिनिट बंद पडला, त्यामागं तारांचं जुनाट जाळं होतं. भारतातल्या बहुतेक एनडीबी गेल्या काही वर्षांत बंद झाल्या, त्याचं मला दुःख नाही. वादळात ढगाकडं बोट दाखवणारं यंत्र निवृत्त व्हायलाच हवं होतं.

मग काळजी कशाची? काळजी एका साध्या गोष्टीची आहे. जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटरहून अधिक उंचीवर आहेत. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो, की जवळचा एखादा लहान ट्रान्समीटरही तो बुडवू शकतो. याला जॅमिंग म्हणतात. त्याहून वाईट प्रकार स्पूफिंगचा. त्यात खोटा संकेत पाठवून विमानाला चुकीची जागा पटवली जाते. जॅमिंगमध्ये यंत्र निदान आपण आंधळे झालो हे कबूल करतं. स्पूफिंगमध्ये ते आत्मविश्वासानं खोटं सांगतं. आणि इथं खरी गोम आहे. विमानाचं दिशादर्शनही जीपीएसवर आणि एडीएस-बीनं प्रसारित होणारी जागाही त्याच जीपीएसवरची. म्हणजे वैमानिक चुकला तर त्याला सावध करायला बसलेल्या नियंत्रकाच्या पडद्यावरही तीच चूक उमटते. आपण दोन साधनं आहेत असं समजत असतो, प्रत्यक्षात ती एकाच मुळावर उभी असतात.

हे घडलेलं आहे. एप्रिल २०२४च्या अखेरीस फिनएअरनं एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर थांबवली, कारण तिथं उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती आणि त्या भागात जीपीएसमध्ये अडथळे येत होते. जीपीएसविना उतरण्याची सोय केल्यावरच सेवा पुन्हा सुरू झाली. आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएसमधल्या अडथळ्यांच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. त्यांतल्या बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागातल्या होत्या. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये हे संकट थेट दिल्लीत आलं. धावपट्टी १० वर जीपीएसच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना खोटे संकेत मिळाले. नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीतला पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो: ज्या धावपट्ट्यांवर पारंपरिक जमिनीवरची साधनं होती, तिथल्या वाहतुकीवर परिणाम झाला नाही. एकाच विमानतळावर, त्याच काळात, हे दोन्ही अनुभव शेजारी शेजारी मिळाले.

प्राथमिक रडारचंही तसंच. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानाचा ट्रान्सपाँडर बंद झाला आणि २३९ माणसांना घेऊन जाणारं विमान नागरी नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसं झालं. ते वळून पश्चिमेकडं अंदमानच्या समुद्राच्या दिशेनं गेलं, हे कळलं ते लष्कराच्या प्राथमिक रडारच्या नोंदींतून. विमानानं उत्तर देणं थांबवलं, तरी प्रतिध्वनी मिळत होता.

या सगळ्यातून मी एकच निष्कर्ष काढतो आणि तो आपल्यापुढं ठामपणे मांडतो. सुरक्षितता सर्वांत नव्या यंत्रात नसते, तशी सर्वांत जुन्या यंत्रातही नसते. ज्यांच्या बिघाडाची कारणं वेगवेगळी आहेत, अशी दोन साधनं शेजारी असण्यात ती असते. व्हीओआर जीपीएसपेक्षा कमी अचूक आहे, पण ते जवळच्या जमिनीवरून दमदार संकेत सोडतं आणि आकाशातल्या उपग्रहाशी त्याचं देणंघेणं नाही. रडार विमानाचं अंतर आणि दिशा स्वतः मोजतं, विमानाच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही. ही त्यांची किंमत आहे, आणि ती फक्त देखभालीच्या खर्चाच्या तक्त्यात पाहिली तर दिसत नाही.

अमेरिकेनं याचा एक व्यवहार्य मार्ग काढला आहे. तिथली ८९६ व्हीओआर केंद्रं कमी करत सुमारे ५९० वर आणायची योजना आहे. मात्र कोणती ठेवायची याची कसोटी स्पष्ट आहे. उपग्रहाचा संकेत गेला तरी कोणत्याही विमानाला १०० सागरी मैलांच्या आत, जीपीएसविना उतरता येईल असा विमानतळ मिळालाच पाहिजे. भारतानंही पारंपरिक केंद्रांचं असं किमान जाळं राखण्याचं धोरण संसदेत सांगितलं आहे, आणि त्याचं मी मनापासून स्वागत करतो. त्याच अमेरिकेची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. लोरान-सी ही लांब पल्ल्याची जमिनीवरची यंत्रणा त्यांनी २०१० मध्ये खर्च वाचवण्यासाठी बंद केली. आठ वर्षांनी, २०१८ मध्ये, जीपीएसवरून मिळणाऱ्या अचूक वेळेसाठी जमिनीवरचा पर्याय हवा असा कायदा त्यांनाच करावा लागला. भारतातही लोरान-सीची साखळी होती, आणि तिचं एक केंद्र नवापूरच्या पलीकडं, गुजरातेत बिलिमोऱ्याला होतं. मोडायला एक आदेश पुरतो. पुन्हा उभारायला जमीन, पैसा आणि ते काम येणारी माणसं लागतात.

नंदुरबारकरांना हे मी वेगळं काय सांगावं? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, त्यातून अनेक गैरप्रकारांना आळाही बसला. पण ज्या पाड्यावर नेटवर्क नाही किंवा राबून राबून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, तिथं वहीवर नोंद करून धान्य देण्याची सोय राहिली नाही, तर उपाशी राहतो तो माणूस. नवी व्यवस्था आणणाऱ्यानं तिच्याबाहेर पडणाऱ्या माणसाची वाट आधी बांधली पाहिजे. आकाशातही न्याय तोच आहे.

जाळं राखायचं म्हणजे फक्त अँटेना उभे ठेवायचे असं नाही. जुन्नरची आठवण इथं पुन्हा काढतो. साधन होतं, पण ते वापरलं गेलं नाही. आज तरुण वैमानिकाचं बहुतेक उड्डाण पडद्यावरच्या नकाशावर होतं. व्हीओआरच्या सुईवर उतरण्याचा सराव त्याला नियमित मिळाला नाही, तर संकटाच्या रात्री ते केंद्र असून नसल्यासारखंच. नियंत्रकांचंही तसंच आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत उड्डाणांच्या आराखड्यांची देवाणघेवाण करणारी संगणक यंत्रणा बिघडली आणि ८००हून अधिक उड्डाणं रखडली; तरीही कामकाज चाललं, कारण ते आराखडे हातानं हाताळणारी माणसं तिथं होती. उशीर झाला, अपघात झाला नाही. आणि या यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, जे प्रवाशाला कधीच दिसत नाहीत, त्यांच्या निवृत्तीबरोबर त्यांची विद्या निघून जाणार नाही, याची तजवीज प्रशिक्षणातच करावी लागेल. प्रयागराजचं जुनं प्रशिक्षण केंद्र आणि आपल्या महाराष्ट्रातली गोंदियाची प्रशिक्षण संस्था यांच्या अभ्यासक्रमात जुन्या पद्धतींना केवळ इतिहास म्हणून जागा देऊन भागणार नाही, सराव म्हणून दिली पाहिजे.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक, कोणतंही रडार किंवा दिशादर्शक केंद्र बंद करण्यापूर्वी, उपग्रहाचा संकेत गेला तर त्या भागात काय उरेल, याचं उत्तर लेखी आणि सार्वजनिक असावं. दुसरं, जे ठेवायचं ते सुस्थितीत ठेवावं. नावापुरतं उभं असलेलं आजारी यंत्र खोटा दिलासा देतं. तिसरं, ते वापरण्याचा सराव वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही सक्तीचा असावा.

इथं महाविद्यालयातली बरीच मुलं-मुली बसली आहेत. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेला बसता येतं. अक्कलकुवा, अक्राणीच्या मुलांनीही या वाटेला जावं, असं मला मनापासून वाटतं. डोंगराआड संकेत पोचत नाही, सोय गेली की सर्वांत आधी कडेचा माणूस सुटतो, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलं आहे, अशी माणसं निर्णय घेणाऱ्या टेबलाशी बसली तर देशाचं आकाश अधिक सुरक्षित होईल. कारण कागदावर एखादं केंद्र अनावश्यक ठरवलं जात असताना, ते गेल्यावर कोण अंधारात राहील, हे विचारण्याचं धैर्य त्यांच्याकडं असेल. तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी आज मी तुमच्यावर सोपवतो.